गिरणीवरची बिनकुलपाची पेटी

किसनतात्यांना हळू बोलता येत नसे. ही तक्रार नाही. काही माणसांना पोहता येत नाही, काहींना सायकल येत नाही, तसं तात्यांना हळू बोलणं येत नव्हतं. तीस वर्षं त्यांनी पिठाच्या गिरणीत काढली होती. पट्ट्याची फटफट आणि दगडांची घरघर यांच्यावरून बोलायचं म्हणजे ओरडावंच लागायचं. पुढे गिरणी बंद असली तरी आवाज तसाच राहिला. घरी जेवताना त्यांनी मीठ मागितलं की कधीकधी शेजारची बाई मीठ घेऊन यायची.

जालन्याला कॉलेजात आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ग्रंथालयात गेले. तिथे भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. ती वाचून मला तात्या आठवले आणि एकदम हसू फुटलं. ग्रंथपालांनी मला बाहेर पाठवलं. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे बाहेर काढणं हाही शिक्षणाचाच एखादा भाग असेल असं समजून मी तासभर दाराशी उभी राहिले. तेव्हाच ठरवलं की कधीतरी तात्यांबद्दल लिहायचं. ते जमेल की नाही हे अजूनही माहीत नाही.

आमचं गाव भोकरदन तालुक्यात, हसनाबादकडे जाणाऱ्या रस्त्याला. गावात गिरणी एकच, मारुतीच्या पारासमोर. तात्या पहाटे अंघोळ करून गिरणीत शिरत, आणि गाव जागा होईपर्यंत त्यांच्या भुवया, पापण्या, कानावरचे केस, सगळं पांढरं झालेलं असे. पीठ नसलेले तात्या फार थोड्या लोकांनी पाहिले होते. एका लग्नाला ते स्वच्छ तोंड धुऊन गेले, तर खुद्द त्यांच्या व्याह्यांनी त्यांना विचारलं, "पाहुणे कोणत्या गावचे म्हणायचे?"

बाईने डबा आणून काही सांगायला सुरुवात केली की तात्या म्हणत, "आधी डबा ठिव, मंग बोल." मग झाकण काढून ते चिमूटभर धान्य अंगठ्यात आणि बोटात चोळत. डोळे मिटलेले असत. तेवढ्या चिमटीवरून त्यांना धान्य कुणाच्या रानातलं आहे ते कळे. हे कळणं चांगलंच होतं, पण कळलेलं ते मनात ठेवत नसत.

"ही ज्वारी तुमच्या सासऱ्याची न्हाई गं. ओढ्याकडच्या रानातली हाय. उसनी आणली का?"

"तात्या, हळू!"

"हळूच बोलून राह्यलो की!"

गहू पाहुण्यांसाठीच दळत, म्हणून कुणी गहू आणला की विचारत, "पाहुणे येऊन राह्यले का? पोरगी पाहायला?" अशाने गावातल्या दोन-तीन सोयरिकी ठरण्याआधीच पारावर पोचल्या होत्या. बाया चिडत आणि उद्यापासून हसनाबादला दळायला जाऊ असं म्हणत. जात मात्र कुणी नसे. तात्यांच्या पिठाची भाकरी थापताना तुटत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

इथपर्यंत सांगणं सोपं होतं. पुढचं मला नीट सांगता येतं का बघते.

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडच्या बाया तान्ह्या लेकरांना घेऊन रानात जातात. झाडाला झोळी बांधून लेकरू त्यात निजवतात. ते दिवसभर निजावं, रडू नये, म्हणून त्या काळी बऱ्याच घरांत त्याला अफूची बारीक गोळी देत. बाजरीच्या दाण्याएवढी. आज्यांनी दिली होती, पणज्यांनी दिली होती. लेकराचं वाईट व्हावं असं कुणाच्याच मनात नसे. पण 'अफू' हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे, आणि आपल्या घरात ती देतात हे तर कुणीच कबूल करत नसे.

तात्यांची नात सोनी सहा महिन्यांची होती. एका सकाळी तिला आजीने, म्हणजे गिरजाकाकूंनी, गोळी दिली. थोड्या वेळाने सून लताने दिली. दोघींनी एकमेकींपासून लपवून दिली. दुपारी सोनी उठेना. तात्यांनी टेम्पो काढला आणि तिला जालन्याला नेलं, पण दवाखान्याच्या अलीकडेच ती गेली.

तिथले डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कपाटातून बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी काढून तात्यांच्या हातावर ठेवली. म्हणाले, "याने अफूची गुंगी उतरते. थांबत आलेला श्वास परत सुरू होतो. तासभर आधी हे टोचलं असतं, तर बहुतेक वाचली असती."

तात्यांनी कुपीकडे पाहिलं आणि विचारलं. कसं विचारलं ते सगळ्या दवाखान्याने ऐकलं.

"मंग हे जालन्यात का ठिवलं? अफू तर आमच्या गावात हाय!"

डॉक्टरांनी कुपी परत कपाटात ठेवली.

त्यानंतर दोन आठवडे गिरणी चालली, पण तात्या बोलले नाहीत. डबा घेत, दळत, परत देत. ज्या बाया एरवी 'हळू' म्हणून ओरडत, त्यांना आता दळायला जायची भीती वाटू लागली. माझी आई घरी येऊन म्हणाली, "त्यांनी एकदा तरी वरडावं गं."

मंगळवारी गिरणी बंद असे, कारण त्या दिवशी दगडांना टाकी लावून खडबडीत करायचं काम चाले. तात्या ते काम सोमवारी रात्रीच उरकू लागले आणि मंगळवारी पहिल्या एस.टी.ने जालन्याला जाऊ लागले. डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर नंबर लावून बसत. नंबर आला की आत जाऊन सांगत, "मी पेशंट न्हाई. गावासाठी ते औषध द्या." डॉक्टर समजावत की हे औषध असं वाटता येत नाही. तात्या "बराबर हाय" म्हणत आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा येत. बाकावरचे पेशंट त्यांना ओळखू लागले.

पाचव्या मंगळवारी डॉक्टरांनी हात टेकले. म्हणाले, "बरं, दिलं समजा. टोचणार कोण?"

"बाया."

"बायांना सुई धरता येते का?"

"डॉक्टरसाहेब, तुम्ही लहानपणी ज्या गोधडीत निजले, ती कोणी शिवली व्हती?"

डॉक्टर हसले, आणि तिथेच हरले. त्यांनी दोन अटी घातल्या. गावच्या उपकेंद्रातल्या नर्सने बायांना शिकवायचं, आणि सुई टोचून लेकरू उठलं तरी त्याला दवाखान्यात आणायचंच.

त्या नर्स म्हणजे उषा सिस्टर. बारीक चणीच्या, कडक, बाराही महिने हातात छत्री. तात्यांचं ऐकून त्या म्हणाल्या, "तात्या, हे नियमात बसत नाही. मला नोकरीवरून काढायचंय का तुम्हाला?"

"न्हाई ओ, फक्त शिकवा. अन् काढलंच तर गिरणीत या. म्या तुम्हाला दळण शिकवतो."

सिस्टरांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. आठ दिवसांनी त्या एक टोपलीभर मोसंबी घेऊन गिरणीच्या अंगणात हजर झाल्या. मोसंबीची साल आणि लेकराची मांडी, सुईला दोन्ही सारखीच लागतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

तो मंगळवार गावात अजून आठवतात. पस्तीस-चाळीस बाया, प्रत्येकीच्या हातात मोसंबी, आणि सगळ्यांच्या मधोमध तात्या. पहिलं इंजेक्शन त्यांनीच द्यायचं ठरलं होतं. त्यांनी सुई इतक्या जोरात घातली की ती मोसंबीतून आरपार जाऊन त्यांच्याच अंगठ्यात घुसली. ते ओरडले आणि पारावरची कुत्री उठून भुंकायला लागली.

"तात्या, मोसंबी गप हाय, तुम्हीच रडून राह्यले!" कुणीतरी म्हणालं, आणि त्या घटनेनंतर पहिल्यांदा तात्या हसले. आईने तर एका दमात सात मोसंबी टोचली आणि "ह्यात काय शिकवायचं?" म्हणून पदर झटकून उठली. संध्याकाळी ती मोसंबी पोरांनी खाल्ली. यंदाचं फळ लई पाणचट, असा निकाल त्यांनी दिला.

सिस्टर एकेक गोष्ट सांगत आणि तात्या ती घोषणेसारखी पुन्हा सांगत. लेकरू निजलंय की गुंगलंय हे कसं ओळखायचं? तळपायाला टिचक्या मारून पाहायचं. "टिचकी मारा!" पापणी उघडून पाहायची, बाहुली मोहरीएवढी बारीक झालेली असते. "मोहरी बघा!" ओठ निळसर दिसतात, श्वास मंद होतो. मग आधी तोंडाला तोंड लावून हळूच श्वास द्यायचा, मांडीच्या बाहेरच्या अंगाला सुई द्यायची, सिरिंजवरच्या लाल खुणेपर्यंतच. आणि औषधाचा जोर अफूच्या आधी उतरतो, लेकरू पुन्हा गुंगीत जाऊ शकतं, म्हणून लगेच दवाखाना गाठायचा. "उठलं तरी दवाखाना!" हे तात्या इतक्या वेळा ओरडले की पोरं लपंडाव खेळतानासुद्धा ते म्हणू लागली.

त्याच दिवसांत तात्यांना एक नवी सवय लागली. गिरणीवर कुणी तान्हं लेकरू घेऊन आलं की ते हाताच्या पालथ्या बाजूला चिमूटभर पीठ ठेवत आणि तो हात निजलेल्या लेकराच्या नाकाशी नेत. श्वासाने पीठ उडालं की त्यांचं तोंड एवढंसं हसे. मग म्हणत, "उडालं. चला, कोणाचा डबा?" कित्येक लेकरं शिंकून जागी होत आणि आया वैतागत. पण तात्यांना नको कुणीच म्हटलं नाही.

आता औषध होतं आणि शिकलेले हातही होते. तात्यांनी पत्र्याची एक पेटी रंगवून गिरणीत ठेवली. गिरजाकाकूंनी जुन्या लुगड्याच्या सहा पिशव्या शिवल्या. एकेका पिशवीत एक कुपी, एक सिरिंज, थोडा कापूस. पेटीला कुलूप, आणि किल्ली तात्यांच्या करगोट्याला. पुन्हा कुणाचं लेकरू टेम्पोत जाऊ द्यायचं नाही, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

दोन महिने गेले तरी पेटी कुणी मागितली नाही.

मग एका दुपारी पारूअक्का आली. ती वरच्या आळीची, चार महिन्यांच्या लेकराची आई. गिरणी जोरात चालू होती. तिने तात्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं की एक पिशवी घरात ठेवायला मिळेल का. तात्यांना आनंद झाला. त्यांनी आपल्या नेहमीच्या आवाजात विचारायला सुरुवात केली, आणि नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. पट्टा थांबला, दगड थांबले, पण तात्या थांबले नाहीत.

"अफूवरचं औषध का? घे की! किती गोळ्या देता लेकराला?"

हे पारावर, शाळेत आणि मारुतीच्या गाभाऱ्यात एकदमच ऐकू गेलं. पारूअक्काने अर्धवट दळलेला डबा उचलला आणि ती निघून गेली. त्यानंतर महिनाभर ती डोक्यावर डबा घेऊन हसनाबादला दळायला जात होती. तात्या तिच्या घरापर्यंत माफी मागायला गेले. पण ती माफीही त्यांनी त्याच आवाजात मागितल्यामुळे आणखी पंचाईत झाली.

पुढे जे झालं ते तात्या गावात नसताना झालं. ते पिंपळगाव रेणुकाईला देवीच्या दर्शनाला गेले होते आणि किल्ली काकूंकडे होती. दिवेलागणीची वेळ. काकूंनी नुकताच देवापाशी दिवा लावला होता. पारूअक्का धापा टाकत दारात आली आणि नुसती उभी राहिली.

"काय गं पारू?"

"तात्या हायेत का?"

"न्हाईत. काय पाहिजे?"

पारूअक्काने एकदा दिव्याकडे पाहिलं. आमच्याकडे दिवे लागल्यावर कुणाकडे सुई मागत नाहीत आणि मागितली तर देत नाहीत. दुकानदारसुद्धा विकत नाही. घरची लक्ष्मी जाते म्हणतात. तिला हवी होती ती सुईच. शिवाय ज्या घरातून तिचं गुपित गावभर झालं होतं, त्याच घराच्या दारात ती उभी होती.

"काही न्हाई," ती म्हणाली आणि परत गेली.

तिचं लेकरू वाचलं. ट्रॅक्टरवरून भोकरदनला नेलं, चार दिवस तिथे ठेवलं आणि ते वाचलं. पण किती थोडक्यात वाचलं, ते सिस्टरांनी तात्यांना सांगितलं.

तात्या काकूंसमोर येऊन बसले. काकू म्हणाल्या, "तिनं मागितलंच न्हाई ओ." आणि जरा थांबून, "अन् मागितलं असतं तरी त्या वक्ताला म्या सुई दिली असती का, हे मलाच ठाऊक न्हाई." सोनीच्या आजीच्या तोंडून हे ऐकल्यावर तात्यांनी त्यांच्याकडून किल्ली मागून घेतली. मग उठले आणि पेटीचं कुलूप काढलं.

दुसऱ्या दिवशी पेटी गिरणीच्या बाहेर, वळचणीखाली, बाईमाणसाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर खिळ्याला टांगलेली होती. तीन दिवस तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगत होते.

"पेटी भाईर हाय! कुलूप न्हाई! कोणी मागायचं न्हाई, कोणी द्यायचं न्हाई! लागली की घ्यायची अन् जल्दी जायचं! म्या बिलकुल बघणार न्हाई!"

आणि खरंच, त्यांनी आपलं बसायचं स्टूल फिरवून पेटीकडे पाठ केली. काकूंना दिवसभर एक शंका होती. संध्याकाळी त्यांनी स्वतःच तिचा निकाल लावला, की खिळ्यावरची सुई कुणी दिलेली नसते, त्यामुळे तिला दिवेलागण लागू नाही. पिशव्या मात्र त्या दिवसाउजेडीच शिवत.

दहाएक दिवसांनी एक पिशवी कमी झाली. तात्यांनी पेटी उघडली, तर पिशवीच्या जागी गुळाचा खडा. आमच्याकडे कुणाच्या घरून भांडं आलं तर ते रिकामं परत करत नाहीत. जिने कुणी पिशवी नेली होती, तिला पेटी रिकामी सोडवली नव्हती. पुढच्या वेळी साखर होती, त्याच्या पुढच्या वेळी चार बोरं. औषधापेक्षा मुंग्याच जास्त झाल्या. तात्या रोज सकाळी पेटी उलटी करून झाडत आणि ओरडत, "गोड नका ठिवू गं मायांनो! ठिवायचंच असंल तर दाणे ठिवा!" तेव्हापासून पिशवी गेली की तिच्या जागी मूठभर धान्य येऊ लागलं. मंगळवारी तात्या जालन्याहून नव्या कुप्या आणत.

एकदा तालुक्याहून एक साहेब तपासणीला आले. पेटी बघून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "ही उघडी का? जबाबदार कोण? नोंद कुठंय?"

"नोंद पेटीतच हाय," तात्या म्हणाले आणि त्यांनी ज्वारीची एक मूठ दाखवली.

"याला कुलूप लावा. आजच्या आज."

तात्यांनी आतून कुलूप आणलं. पेटीच्या शेजारी आणखी एक खिळा ठोकला आणि त्याला ते कुलूप लावून ठेवलं, किल्लीसकट. "लावलं बघा साहेब." साहेबांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी छत्री उघडली, गिरणीच्या सावलीत उभ्या असताना. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि जीप सुरू केली. ते कुलूप नंतर कायम तिथेच होतं. गंजून गेलं, पण कुणी काढलं नाही.

आता आमच्या घरचं. लिहावं की नाही याचा मी बराच विचार केला. पण ज्यांनी बिनकुलपाची पेटी टांगली, त्यांच्याबद्दल लिहिताना आपलंच कपाट बंद ठेवणं बरं दिसत नाही.

मी दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. वहिनीची मुक्ता तेव्हा सात महिन्यांची होती. आमच्याकडे गोळी देत नाहीत, असं आईही म्हणायची आणि वहिनीही म्हणायची. त्या दिवशी वेचणीवरून दोघी घरी आल्या तेव्हा दिवे लागले होते आणि मुक्ता झोळीतून काढली तरी मान टाकत होती. मी टिचकी मारली, पापणी उघडली. मोहरी. आई वहिनीकडे बघायला लागली, वहिनी आईकडे. दोघींच्या तोंडून एकदमच निघालं, "तुम्ही पण?" "तू पण?"

मी पळाले. गिरणी बंद होती, आत चिमणी मिणमिणत होती. मी पेटीत हात घातला आणि पिशवी घेऊन परत पळाले. कुणालाही काही मागावं लागलं नाही. कुणी काही विचारलं नाही. तेवढ्या वेळात वहिनी मुक्ताच्या तोंडाला तोंड लावून श्वास देत होती. कुपी मीच फोडली, सिरिंजही भरली, पण पुढे लाल खूणच मला सापडेना. कॉलेजात शिकणारी मी एकटीच होते त्या घरात. आईने सिरिंज माझ्या हातातून काढून घेतली, खुणेवर आणली आणि गोधडीला टाका घालावा तशी शांतपणे सुई दिली. मग आम्ही तिघी मुक्ताकडे बघत बसलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मुक्ताने आधी एक मोठा श्वास घेतला. मग तोंड वाकडं केलं. मग ती अशी रडली की मी आजपर्यंत तेवढं सुंदर काही ऐकलेलं नाही.

"उठलं तरी दवाखाना," आई म्हणाली आणि आम्ही भोकरदनला गेलो. दुसऱ्या दिवशी मुक्ताला घेऊनच परत आलो.

आल्याबरोबर आईने मला मूठभर ज्वारी दिली. "गुपचूप पेटीत टाकून ये. कोणाला कळता कामा न्हाई." मी टाकून आले. आम्हा दोघींनाही त्यातली चूक कळली नाही. वडिलांनी त्यांच्या आजोळाहून पिवळसर ज्वारीचं बी आणलं होतं. अख्ख्या गावात तसली ज्वारी फक्त आमच्या रानात होती.

तिसऱ्या दिवशी दळण घेऊन गेले तर गिरणीवर दहा-बारा बाया होत्या. पारूअक्काही होती. माझा डबा आला. तात्यांनी झाकण काढलं, चिमूट घेतली, डोळे मिटून चोळली. मग डोळे उघडून दाण्यांकडे पाहिलं. शेजारच्या फळीवर, एका वाटीत, पेटीतून काढलेली पिवळसर ज्वारीची मूठ होती. त्यांनी वाटीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली.

अशी शांतता झाली की मला माझ्याच बांगड्यांचा आवाज ऐकू आला. तात्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, झालं आता. आईचं नाव, वहिनीचं नाव, मुक्ताचं नाव, सगळं पारावर जाणार. पारूअक्काने खाली मान घातली.

"पीठ बारीक पाहिजे का जाड?" तात्या ओरडले.

"बारीक," मी म्हणाले.

त्यांनी ती वाटी उचलली आणि मूठभर ज्वारी आमच्या डब्यात परत ओतली. दुसरं काही बोलले नाहीत. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतके दिवस पेटीत पडलेल्या प्रत्येक मुठीवरून त्यांना घर कळत होतं. ज्यांना गव्हाच्या चिमटीवरून सोयरीक ओळखता येते, त्यांना ते कसं कळणार नाही? पण गावाने एकही नाव ऐकलं नव्हतं.

मी परवा गावी गेले होते. तात्या आता थकले आहेत, गिरणी मुलगा चालवतो. ते दुपारी गिरणीच्या कट्ट्यावर पडलेले असतात, डोक्याखाली हात घेऊन. वर वळचणीला पेटी, शेजारी गंजलेलं कुलूप. मुक्ता आता साडेचार वर्षांची आहे. दळण न्यायला ती माझ्याबरोबर आली होती. मी डबा ठेवत होते, तेवढ्यात ती कट्ट्याजवळ गेली आणि तात्यांकडे टक लावून बघू लागली. ते अगदी निश्चल निजले होते. तिने कट्ट्यावर सांडलेलं पीठ चिमटीत घेतलं, आपल्या हाताच्या पालथ्या बाजूला ठेवलं आणि तो एवढासा हात तात्यांच्या नाकाशी नेला. हे तिला कुणी शिकवलं होतं की तिने कुठल्या लेकराच्या वेळी पाहिलं होतं, मला माहीत नाही.

मी श्वास रोखून बघत राहिले.

पीठ उडालं. तात्या असे शिंकले की पारावरचे म्हातारे दचकून उठले.

"कोण हाय गं ते?" तात्या ओरडले.

"उडालं," मुक्ता वळून मला म्हणाली. "चल, कोणाचा डबा?"